मेन बाजारातलं व्हिजिटिंग कार्ड

नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंज बाजूने बाहेर पडलं, की समोरच मेन बाजार. हॉटेलं, चामड्याच्या पिशव्या, खड्यांचे दागिने, अगरबत्ती. परदेशी गिऱ्हाइकाच्या पाकिटात दुकानाचं कार्ड सरकवणं ही इथली जुनी रीत. आता त्याच कामाला लिंक्डइनही आहे.

मे २००३ मध्ये सुरू झालेलं हे व्यावसायिक ओळखींचं व्यासपीठ मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतलं.

पण ओळख किती घट्ट हवी? नव्या संधीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून मिळते, असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं. कारण सोपं: जिवलगांना बहुधा आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्यात नोकरी बदलायला मध्यम सैल ओळखी सर्वाधिक उपयोगी पडल्या. अगदीच नावापुरत्या नव्हेत. हा हिशेब नोकरीचा, पण दुकानदारानेही तो ध्यानात ठेवावा. दिसेल त्याला ओळखीची विनंती धाडणं म्हणजे रिकामा उद्योग.

विनंतीसोबत दोन ओळी जरूर लिहा: कुठे भेटलो, काय विकतो, काय हवंय.