तलावाकाठचा कोबा

कुंभाराकडून मडके घेताना ते वाजवून घ्यावे, ही गोष्ट घरोघरी ठाऊक असते. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे, मग वरून ते कितीही गुळगुळीत दिसो. पोहण्याच्या तलावाभोवती सिमेंट-काँक्रीटचा जो कोबा केलेला असतो, त्याची परीक्षाही जाणते लोक याच रीतीने करतात. हातोडीने ठिकठिकाणी ठोकून किंवा लोखंडी साखळी त्यावरून ओढून ते आवाज ऐकतात. जेथे आवाज पोकळ येतो, तेथे वरचा थर खालच्यापासून सुटलेला असतो. तेवढ्या भागाभोवती खडूने रेघ ओढली की दुखणे किती पसरले आहे, याचा नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तलाव म्हटला की सर्वांचे लक्ष निळ्या पाण्याकडे जाते. काठाच्या फरसबंदीची आठवण कोणी घसरून पडल्यावरच होते. परंतु या दुर्लक्षित काठाची हेळसांड किती महाग पडते, याचे एक भयंकर उदाहरण अलीकडेच घडले आहे.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात मायामीजवळ सर्फसाइड नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. तेथील 'चॅम्प्लेन टॉवर्स साउथ' ही १९८१ साली बांधलेली बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ९८ माणसे मरण पावली. इमारतीच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता आणि तलावाभोवतीचा स्लॅब हेच खालच्या मोटारतळाचे छप्पर होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या तपासात असे दिसून आले, की इमारतीच्या आधी तलावाभोवतीचा हा स्लॅब खाली गेला होता. मूळ रचनेतच बळ कमी होते आणि मागाहून झाडांच्या वाफ्यांचे व फरश्यांचे वजनही त्यावर वाढले होते. तेव्हा सगळा दोष एकट्या पाण्याच्या माथी मारता येणार नाही. परंतु दुर्घटनेच्या पावणेतीन वर्षे आधी, २०१८ साली, पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी लिहून दिले होते की हा स्लॅब ढाळ न देता सपाट केलेला आहे, त्यामुळे पाणी वाहून न जाता साचून राहते, त्याखालचा जलरोधक थर निकामी झाला आहे आणि खालच्या काँक्रीटला मोठी इजा पोहोचली आहे. खर्चाचा आकडा लक्षावधी डॉलरांचा होता. चर्चा चालू राहिली. स्लॅबच्या दुरुस्तीला हात लागण्यापूर्वीच ती काळरात्र आली.

दगडासारखे कठीण काँक्रीट पाण्यापुढे हार का मानते, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात डोकावले पाहिजे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण घट्ट होताना त्यात असंख्य सूक्ष्म रंध्रे राहून जातात. या रंध्रांतून पाणी हळूहळू मुरते. नुसते पाणी फारसा अपाय करीत नाही. हवामान जसे असेल तशी त्याला साथ मिळते आणि मग ते घातक ठरते.

कॅनडासारख्या थंड प्रदेशांत ही साथ हिमाची असते. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. रंध्रांत कोंडलेल्या पाण्याला फुगावयास जागा नसते, म्हणून ते आतून काँक्रीट फोडते. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे, असे फेरे हिवाळाभर चालले की पृष्ठभागाचे पापुद्रे निघू लागतात. त्यात बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले तर नाश आणखी लवकर होतो. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रस्त्यांवर असे आढळून आले, की ज्या काँक्रीटमध्ये हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे राहिले होते ते अशा थंडीतही टिकले. बुडबुड्यांच्या पोकळीत फुगणाऱ्या पाण्याला वाट मिळते. तेव्हापासून थंड देशांत काँक्रीटमध्ये असे बुडबुडे मुद्दाम ठेवण्यात येतात, आणि डागडुजीचा मालही तशाच जातीचा निवडावा लागतो.

उष्ण व कोरड्या प्रदेशांत गोष्ट वेगळी. तेथे ताज्या काँक्रीटमधले पाणी ऊन आणि वारा शोषून घेतात; ते पुरते घट्ट होण्याआधीच पृष्ठभाग आकसतो आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे पडते. पुढेही काँक्रीट तापले की प्रसरण पावते व निवले की आकुंचन पावते. दहा मीटर लांबीच्या कोब्याचे तापमान तीस अंशांनी बदलले तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटरने बदलते. ऐकावयास ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण या हालचालीला मोकळीक ठेवली नाही, तर काँक्रीट आपली जागा आपणच करून घेते आणि तिलाच आपण तडा म्हणतो.

समुद्रकाठी तिसराच शत्रू असतो. खाऱ्या हवेतील क्षार पाण्याबरोबर आत शिरून लोखंडी सळयांपर्यंत पोहोचतात आणि सळया गंजू लागतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्या दाबाने वरचे काँक्रीट फुटून त्याच्या खपल्या पडतात. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर घरांच्या सज्जांखाली तांबूस डाग आणि उघड्या पडलेल्या सळया पाहावयास मिळतात, त्यांचे कारण हेच. तेथील हॉटेलांच्या तलावांना हा नियम लागू नाही, असे मानण्याचे कारण नाही.

दुखण्याचे मूळ असे असता पुष्कळ ठिकाणी उपाय मात्र वरवरचा होतो. भेगांवर सिमेंटचा हात फिरवला, वर रंगाचा थर दिला, की काम झाले. दोन-चार महिने शोभा राहते. मग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात, कारण आत मुरलेले पाणी तसेच राहिलेले असते आणि वरच्या अभेद्य थराने त्याची बाहेर पडण्याची वाट बंद केलेली असते. म्हणून पहिला प्रश्न हा, की पाणी कोठून येते आणि कोठे थांबते. कोब्याचा ढाळ तलावापासून दूर, पन्हळीकडे असावा. साधारणपणे पन्नास फुटांस एक फूट इतका उतार पुरतो. तलावाच्या काठाची फरशी आणि कोबा यांच्यामध्ये रबरासारख्या लवचीक लुकणाने भरलेली फट असावी. ती सिमेंटने बुजविली, तर एकाची हालचाल दुसऱ्याला फोडते.

पुढचे काम गवंड्याचे. खडूने आखलेला पोकळ भाग सरळ कडा कापून काढावा आणि पक्के काँक्रीट लागेपर्यंत खोदावा. गंजलेली सळई दिसली तर केवळ तिचा वरचा भाग घासून भागत नाही. तिच्या मागे बोट जाईल इतकी जागा मोकळी करून ती सर्व बाजूंनी लखलखीत करावी लागते व तिला गंजरोधक लेप द्यावा लागतो. सळई फार झिजली असेल, किंवा स्लॅबखाली मोटारतळ अथवा खोली असेल, तर छिन्नी उचलण्याआधी अभियंत्याचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. नंतर सगळी धूळ काढून जुने काँक्रीट पाण्याने तृप्त करावे, मात्र वर पाणी साचलेले नसावे. कोरडे काँक्रीट नव्या मालातील पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो.

भेगांची जात ओळखणे हेही महत्त्वाचे. जी भेग स्थिर आहे ती ताठ मालाने भरून जोडता येते. जी ऋतूप्रमाणे उघडते-मिटते ती लवचीक मालानेच भरावी. मुळात ठेवलेले सांधे नव्या थराखाली गाडून टाकू नयेत. ते वर तसेच उघडे आणावेत, नाहीतर खालचा सांधा वरच्या थरावर आपली रेघ उमटविल्यावाचून राहत नाही.

मग येतो वरचा थर. रसायनमिश्रित सिमेंटचा काही मिलिमीटर जाडीचा लेप यासाठी वापरतात. तो देण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली दव धरलेले दिसले तर कोबा अजून ओला आहे, थांबलेले बरे. लेप गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. ओल्या अनवाणी पायांना खरखरीत पृष्ठभागच आधार देतो, म्हणून त्यावर झाडूचा हात फिरवितात किंवा बारीक वाळू मिसळतात. रंग फिका असावा. भर उन्हात काळपट कोब्यावर लहान मुलाचे पाय पोळतात.

या कामाला ऋतूही पाहावा लागतो. आपल्याकडे पावसाळा संपून जमिनीतील ओल ओसरल्यावर, दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ग्वाल्हेर-इंदूरकडील उन्हाळ्यात काम करणे भागच असेल, तर ते पहाटे किंवा ऊन कलल्यावर करावे आणि सिमेंटच्या डागडुजीवर ओले गोणपाट टाकून ती आठवडाभर ओली ठेवावी. थंड देशांत मात्र हिम पडण्यापूर्वी माल पुरता घट्ट होईल एवढी सवड राखावी लागते. आणखी एक सावधगिरी: जमिनीतील पाण्याची पातळी वर असताना दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करू नये, खालच्या पाण्याच्या दाबाने रिकामे टाके होडीसारखे वर उचलले जाऊ शकते.

एवढे सारे केले तरी काम कायमचे होत नाही. सांध्यातील लुकण दर वर्षी तपासावे, पन्हळीतील पाला काढावा, आणि वर्षातून एकदा हातोडी घेऊन कोब्यावरून फिरावे. त्याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. सर्फसाइडच्या स्लॅबनेही आपले दुखणे साचलेल्या पाण्याने आणि फुटलेल्या काँक्रीटने आधी सांगितले होते, आणि ते ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवूनही ठेवले होते. आवाज बद्द आला, तर वरचा रंग न पाहता त्याच दिवशी दुरुस्तीचा विचार सुरू करावा, हाच त्या ९८ जणांच्या मृत्यूने घालून दिलेला धडा आहे.