दहापर्यंत मोजता येतं ना?

दोन ओळींत ओवलेले मणी. वरच्या ओळीत पाच हिरवे आणि सहावा लाल, खालच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. शेजारी एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ. संपलं यंत्र! बॅटरी नाही, बटण नाही, कुठं आकडाही लिहिलेला नाही. आणि हे यंत्र न्यूमोनियाचं निदान करतं.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेनं ते गावातल्या दायांसाठी बनवलं. अडचण साधी होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं, आणि हा आकडा पन्नास-साठच्या घरात जातो. बाळंतपणं करण्यात हात बसलेल्या कितीतरी दाया शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या आणि त्यांची मोजणी दहा-बाराच्या पुढं जात नव्हती. मग त्यांना आधी अंक शिकवायचे? इथं कुणीतरी फार सुंदर विचार केला. दाई दहापर्यंत मोजते ना, मग निदानच दहात बसवू.

वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि मुलाच्या पोटाकडे बघायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर वरची ओळ, त्याहून मोठं असेल तर खालची. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. साठ म्हणजे किती हे ठाऊक नसलेली बाई साठ श्वास बिनचूक मोजते!

पण नुसते श्वास मोजून छातीतला रोग कळतो? एक्स-रे नको, स्टेथोस्कोप नको? शरीराचं गणित बघा. फुप्फुस म्हणजे हवेच्या कोट्यवधी इवल्या पिशव्या. न्यूमोनियात त्यांत पू आणि पाणी भरतं. मग भिजलेल्या गोधडीसारखं ते जड, ताठर होतं आणि नीट फुलत नाही. रक्ताला प्राणवायू तर तेवढाच हवा असतो. एका श्वासात पुरेशी हवा मिळेना, की शरीर उथळ श्वास भराभर घ्यायला लागतं. म्हणजे रोगाची पातळी शरीर स्वतःच बाहेर दाखवत असतं, बघणारा हवा. 1980च्या दशकात पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे नीट मोजून दाखवलं: डॉक्टर आणि एक्स-रे नसलेल्या ठिकाणी श्वासाचा वेग हीच न्यूमोनियाची भरवशाची खूण. गडचिरोलीनं ती खूण मण्यांत ओवली.

गडचिरोलीच का? 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. दाट जंगल, गोंड-माडिया वस्त्या, पावसाळ्यात नाले भरले की तुटणारे रस्ते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि 1986 साली त्यांनी इथं 'सर्च'चं काम उभं केलं. आदिवासींना मोठ्या इस्पितळाची भीती वाटते हे त्यांच्याच तोंडून कळल्यावर दवाखाना झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. रोग जिथं राहतो तिथंच संशोधन करायचं, हा त्यांचा हेका. वाटतं तितकी ही गोष्ट सोपी नाही, कारण वैद्यकातले बहुतेक आकडे इस्पितळात तयार होतात. जो इस्पितळात पोचलाच नाही तो आकड्यांतही नसतो, आणि गरीब नेमके असेच गळून पडतात.

न्यूमोनियाचा प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1990 साली छापून आला. 58 गावांत आरोग्यसेवक, गावातले कार्यकर्ते आणि दाया यांनी 612 आजारी मुलांवर औषधोपचार केले. त्यांतली दगावली 0.8 टक्के. तुलनेसाठीच्या गावांत हाच आकडा 13.5 टक्के होता.

इथं कुणी थांबलं असतं तर चाललं असतं. पण एक गट अजून हाताबाहेर होता: पहिल्या महिन्यातली बाळं.

नवजात बाळ फार फसवं असतं. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढतो, आपण धावपळ करतो. एवढंसं बाळ उलट थंडही पडू शकतं. वजनाच्या मानानं त्याची कातडी पुष्कळ, त्यामुळं ऊब झपाट्यानं निसटते, आणि ती टिकवायला अंगावर चरबी नाही. खोकत नाही, सांगत नाही, फक्त गप्प होतं. आणि हे सगळं घडतं कुठं? बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, जिथं परक्याला पाऊल टाकायची मुभा नाही आणि सासूच्या परवानगीशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर जात नाही. पाठ्यपुस्तक म्हणत होतं, जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इस्पितळात न्या. बाळ काही जात नव्हतं.

मग 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूत तयार झाल्या. गावातल्याच, पाच ते दहा यत्ता शिकलेल्या बाया. पहिल्या वर्षी त्यांनी मुख्यतः एकच केलं: बघितलं. बाळंतपणाला हजर राहायचं, मग महिनाभर घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, श्वास, दूध ओढणं, सगळं लिहून ठेवायचं. अशा 763 बाळांची नोंद झाली. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरची नजर किती जणांवर पडली? 2.6 टक्क्यांवर. या वर्षातल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिकांचं मूळ कारण जंतुसंसर्ग निघालं, आणि त्यावर तर औषध आहे!

पण रक्ताची तपासणी न करता बाळाच्या अंगात जंतू पसरलेत हे ओळखणार कसं? त्या नोंदींतूनच सात खुणा गवसल्या. आधी चांगलं रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं. आधी चांगलं ओढणारं बाळ दूध ओढेना. आधी जागं असणारं मरगळलं. अंग थंड लागतं किंवा ताप आहे. कातडीवर पुवाचे फोड किंवा नाळेत पू. जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणं. कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं. यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर उपचार. पहिल्या तीन खुणा पुन्हा वाचा. त्यांत 'आधी' आहे. काल कसं होतं आणि आज कसं आहे, हे कोणत्याही इस्पितळातल्या डॉक्टरला माहीत नसतं, ते फक्त आईला माहीत असतं. "अजी, काल कसं घटघट प्यायचं, आज तोंडच लावत नाही," हे आईचं वाक्य इथं चक्क तपासणीचा अहवाल झालं.

आणि उपचार? तोंडानं कोट्रायमॉक्साझोल, आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. हो, इंजेक्शन! सातवी-आठवी शिकलेली बाई, झोपडीत, दोन-अडीच किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचणार. ऐकूनच डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावाव्यात अशी गोष्ट. आई-बापाला समजावून, त्यांची संमती घेऊनच ती द्यायची. निकाल असा: उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत 16.6 टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या हातून उपचार झाल्यावर 2.8 टक्के.

सुई एकटी नव्हतीच म्हणा. गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आरोग्यदूत शिकल्या. कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायला, आईला लवकर आणि वारंवार पाजायला लावायला शिकल्या. 1999च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'नं सगळा हिशेब छापला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या 47 गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. दर बाळामागं खर्च 5.3 डॉलर. काळजी घेतलेल्या दर अठरा बाळांमागं एक जीव वाचला. अठरा म्हणजे एखाद्या छोट्या गावातल्या वर्षभराच्या बारशांएवढी बाळं.

पुढं बांगलादेशसारख्या देशांत हाच मार्ग तपासला गेला. 2009 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची शिफारस केली. 2011 पासून भारतभर आशा ताईंकडे हे काम आलं: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन ताई दारात येते, तिला या साऱ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरले. तिच्या श्रमाची ही किंमत फारच तोकडी आहे, हे इथं म्हटलंच पाहिजे.

एक गोष्ट मात्र या प्रवासात मागं पडली. देशाच्या कार्यक्रमात सुई आशाच्या हातात आली नाही. 2014 साली केंद्रानं जेंटामायसिनला वाट करून दिली ती नर्सबाईंसाठी, आणि नर्सबाईंकडे एकाच वेळी कितीतरी गावं असतात. जिच्या घरापासून बाळाचं घर चार पावलांवर आहे, ती अजूनही तोंडानं द्यायचं औषध आणि दवाखान्याची चिठ्ठी घेऊनच उभी आहे.