वेदनेचीही नोंद असू द्यावी

नेरळहून सकाळची लोकल धरणाऱ्या मुलींना दादर गाठेपर्यंत दीड-दोन तास लागतात. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, बसायला जागा मिळेलच याची खात्री नसते. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येत असतील, तर हा प्रवास शिक्षाच ठरतो. घरी सांगावे तर उत्तर ठरलेले असते : "सगळ्यांनाच दुखते. लग्न झाले, मूल झाले की थांबेल."

परंतु दुखणे सर्वांचे सारखे नसते. ज्यामुळे दर महिन्याला कॉलेज वा नोकरी चुकते, पाळी संपल्यावरही जे मागे राहते, शौचाच्या वा पतिसंगाच्या वेळी जे उफाळून येते, त्या दुखण्यामागे एन्डोमेट्रिओसिस असू शकतो. या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजाशयावर, पोटातील आवरणावर, कधी आतड्यावर वाढतात. तेथे दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटतात. काहींना गर्भधारणेतही अडचण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तरीही निदानास अनेकदा कित्येक वर्षे लागतात. याच लोहमार्गावरील परळ येथे राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांमधील या विकाराचा अभ्यास हाती घेण्यात आला आहे.

सोनोग्राफी निर्दोष आली, म्हणजे विकार नाहीच, असे ठरत नाही. म्हणून रुग्णेने सांगितलेली हकीकत मोलाची असते. आपल्या अनेक घरांत मंदिर आणि स्वयंपाकघर यांच्या मर्यादेसाठी पाळीची तारीख काटेकोरपणे लक्षात ठेवली जाते. त्याच तारखेपुढे कोठे दुखले, किती तास, कोणती गोळी घेतली, कोणते काम राहिले, एवढे लिहावे. दोन-तीन महिन्यांची अशी वही स्त्रीरोगतज्ज्ञांना बरेच काही सांगते.

हा विकार समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. वेदनाशामक गोळ्या, संप्रेरकांची औषधे आणि गरजेनुसार दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. शस्त्रक्रियेनंतरही दुखणे परत येऊ शकते. त्यामुळे तपासणी सोडू नये. बहुतेक वेदनाशामके रिकाम्या पोटी घेणे योग्य नसते. उपवास वा चोविहार असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगून वेळा ठरवून घ्याव्यात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. तेथे गोळीचा पर्याय विचारता येतो.

तप स्वेच्छेने स्वीकारलेले असते; हे दुखणे कोणी मागून घेतलेले नसते. सुनेने वा लेकीने पोट धरून बसावे आणि घराने त्याला सहनशीलता म्हणावे, यात कोणाचेच पुण्य नाही. आईने वा सासूने "चल, मी येते तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे" एवढे म्हटले, तरी अनेक वर्षांची वाट कमी होईल.