कॉम्प्युटर लॉगिन होत नाही? थांबा, फॉरमॅट मारू नका!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकणारे दुकानदार आपल्या बॅचमध्ये वाढलेत. त्यांचा एक प्रश्न सारखा येतो, "सर, पासवर्ड बरोबर आहे, पण कॉम्प्युटर आत घेईना!"

हे माझ्यासोबतही झालंय. महिन्याची ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस. मी लातूरला बॅच घेत होतो. नांदेडच्या दुकानातून पोऱ्याचा फोन आला, "दादा, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते अन् परत पासवर्डच मागते." शेजारच्या एका मेकॅनिकनं सांगून टाकलं, फॉरमॅट करावं लागेल. आठ महिन्यांची बिलं, उधारीचं खातं, सगळं त्याच मशीनमध्ये. बॅकअप? नव्हता. लोकांना शिकवणारा मी, अन् माझ्याच दुकानात बॅकअप नाही!

आधी हे समजून घ्या. पासवर्ड मागणारी स्क्रीन हा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. मिंटमध्ये त्याचं नाव लाइटडीएम, उबुंटूमध्ये जीडीएम. तो म्हणजे दुकानाच्या दारावरचा वॉचमन. वॉचमन अडला म्हणून गोदामातला माल जात नाही. तुमच्या फाइली आत जागेवरच असतात.

आता नेमकं काय होतंय ते बघा.

१. "पासवर्ड चुकीचा" असा मेसेज येतो
कॅप्स लॉक बघा. मग कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. आपण मराठी टायपिंग करतो, तिथं मराठी कीबोर्ड निवडलेला राहिला की इंग्रजी पासवर्ड जुळत नाही. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, म्हणून लक्षात येत नाही.

२. पासवर्ड चालतो, पण परत तीच स्क्रीन येते
कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या स्क्रीनवर युजरनेम, पासवर्ड टाका. टाइप करताना पासवर्ड दिसत नाही, घाबरू नका. मग 'डीएफ -एच' कमांड द्या (कमांड इंग्रजीत टाइप करायच्या, स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे). मुख्य डिस्कसमोर १०० टक्के दिसलं तर चोर सापडला. डिस्कवर जागाच नसेल तर लॉगिनच्या वेळी लागणाऱ्या छोट्या फाइली लिहिता येत नाहीत, म्हणून सिस्टीम बाहेर फेकते. 'सुडो ॲप्ट क्लीन' नं थोडी जागा होते. मिंटमध्ये बऱ्याचदा टाइमशिफ्टचे जुने स्नॅपशॉट डिस्क भरतात. 'सुडो टाइमशिफ्ट --डिलीट' देऊन जुने काढा.

डिस्कवर जागा असेल तर होम फोल्डरमधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही लपलेली फाइल तपासा. तिची मालकी रूटकडे गेली की असंच होतं. ती काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

३. लॉगिन स्क्रीनच येत नाही
तसंच एफ३ वर जा आणि 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम' द्या. नवा डेस्कटॉप टाकल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर दोन वॉचमन झाले असतील. 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम' देऊन एकच निवडा.

यातलं काहीच जमलं नाही तरी फॉरमॅटच्या आधी मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मेकॅनिकलाही हेच सांगा, "आधी डेटा काढा, मग बाकीचं."

माझ्याकडे टाइमशिफ्टच निघालं. पोऱ्यानं फोनवर ऐकत ऐकत कमांड टाकल्या, पाऊण तासात मशीन सुरू, अन् संध्याकाळी रिटर्न भरलं. मेकॅनिकचं ऐकलं असतं तर उधारी कुणाकडं किती, हे मला गिऱ्हाइकालाच विचारावं लागलं असतं!

टाइमशिफ्ट साधारणपणे सिस्टीमच्याच फाइली जपतं, तुमची बिलं नाही, हे विसरू नका. तेव्हा आज दुकान बंद करायच्या आधी एकच काम करा. बिलांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या. रोज गल्ला मोजता ना? तसंच हे.

काही अडलं तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!