जुनी स्कूटर घेताय?

मैत्रिणींनो, शहापूरहून आसनगाव स्टेशन गाठायचे किंवा मुरबाडहून आतल्या गावी नोकरीला जायचे, तर एस.टी.ची वाट किती पाहणार? म्हणून भिशीच्या पैशांतून जुनी स्कूटर घ्यायचे घाटते आणि मोबाईलवर साठ हजारांची गाडी अठरा हजारांत दिसते. इथेच थबका!

विकणारा म्हणतो, “ताई, मी फौजी आहे, बदली झालीय.” सोबत गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड. बहुधा ते दुसऱ्याच कुणा जवानाचे चोरलेले असते. गाडी ‘आर्मी पार्सल’ने येणार म्हणून आधी दोन हजार, मग विमा, मग जीएसटी. अहो, लष्कर कुणाची विकलेली स्कूटर घरपोच करीत नसते! ‘पैसे परत देतो’ म्हणून तो क्यूआर कोडही पाठवील. पैसे यायला पिन लागत नाही. पिन घातलात की गेलेच.

गाडी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दमडी देऊ नका. आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र मागा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या.

फसगत झालीच, तर ‘घरचे काय म्हणतील’ म्हणून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा. लवकर कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते.