डब्यावरील नांव आणि डब्यांतील मासा

ताजी मासळी घेणारें गिऱ्हाईक तिचे डोळे पाहतें, कल्ले उचलून पाहतें आणि मगच पैसे मोजतें. डबाबंद मासळीच्या बाबतींत ही परीक्षाच खुंटते. डोकें छाटलेलें, अंग तेलांत बुडालेलें, वर पत्र्याचें झांकण. साक्ष उरते ती केवळ डब्यावरील चिठ्ठीची. ती साक्ष खोटी निघाली तर सारा सौदाच खोटा. म्हणून तिच्या खरेपणाची चौकशी करणें हें सरकारचें कर्तव्य होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, मासा चांगला असला म्हणजे झालें. नांवानें काय बिघडतें? बिघडतें तें असें कीं, गिऱ्हाईक एका मालाचें मोल देऊन दुसरा माल घरीं नेतें, आणि खरें नांव लिहिणारा दुकानदार मात्र मागें पडतो. इंग्लंडांत नॉर्वेकडील ब्रिसलिंग नांवाचा बारीक मासा ‘सार्डिन’ म्हणून विकल्याबद्दल १८८७ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्याखालीं खटला झाला, आणि १९१५ सालीं हायकोर्टानें तें वर्णन खोटें ठरविलें. त्यानें तो धंदा बुडाला काय? मुळींच नाहीं. तोच मासा पुढें ब्रिसलिंग या नांवानें विकला गेला व खपलाही.

परंतु नांवाच्या रक्षणाआड मक्तेदारीही दडूं शकते, हें विसरून चालणार नाहीं. युरोपीय समुदायानें १९८९ सालीं असा नियम केला कीं, डबाबंद सार्डिन हें नांव आपल्या किनाऱ्यालगतच्या एकाच जातीला द्यावें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा पॅसिफिक महासागरांतील मासा त्यामुळें त्या नांवास मुकला. वास्तविक कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक मंडळानें देशाचें, प्रदेशाचें वा जातीचें नांव जोडून इतर कित्येक जातींनाही सार्डिन म्हणण्याची मुभा दिली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानें २००२ सालीं पेरूच्या बाजूनें निकाल दिला, आणि पुढच्याच वर्षीं युरोपास आपला नियम बदलावा लागला.

हा वाद आपल्या दारापासून दूर नाहीं. कोडेक्सच्या त्याच यादींत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील तारलीही आहे. आपल्याकडील २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या ५२ व्या कलमानें चुकीच्या चिठ्ठीचें अन्न विकणारास तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कायदा आहे, पण तो पुस्तकांत राहून गिऱ्हाइकाचें रक्षण होत नाहीं. अधिकाऱ्यांनीं डबे उघडून पाहिले पाहिजेत, आणि तपासणींत लहान दुकानदार व मोठा कारखानदार असा भेद करतां कामा नये.

व्यापारी बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे: तारलीला तारली म्हणण्यांत कमीपणा कसला? परक्या नांवाची उसनी झूल एक दिवस उतरतेच. खऱ्या नांवानें मिळविलेली पत मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते.