पाचवी मुलगी

18 नोव्हेंबर 2023 रोजी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या महिला क्रॉस कंट्री अजिंक्यपदाचा निकाल लागला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ 123, नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठ 124. या खेळात ज्याचे गुण कमी, तो संघ वरचढ. म्हणजे वर्षभराची मेहनत एका गुणाने तरली आणि दुसरीकडे एका गुणाने बुडाली. शर्यत व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलजवळ पॅनोरमा फार्म्स नावाच्या चढउताराच्या गवताळ रानात झाली. अंतर 6 किलोमीटर, आणि धावायला अडीचशे मुली. एवढ्या गर्दीत एक गुण म्हणजे शेवटच्या शंभर मीटरांत गाठलेली, किंवा न गाठलेली, एक मुलगी.

हिशेब समजून घेतला की या प्रशिक्षकांना झोप का लागत नाही ते कळतं. प्रत्येक संघाच्या सात मुली धावतात. त्यांपैकी पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाने पटकावले तर 15 गुण, याहून कमी होऊच शकत नाहीत. सहावी आणि सातवी बेरजेत धरल्या जात नाहीत, पण त्या प्रतिस्पर्धी संघाच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा क्रमांक मागे ढकलतात. राष्ट्रीय शर्यतीत 31 संघ असतात, शिवाय 38 मुली संघाविना, वैयक्तिक पात्रतेवर उतरतात. गुण मोजताना या 38 जणींना वगळून बाकीच्यांचे क्रमांक नव्याने लावले जातात. त्यामुळे धावता धावता आपण नेमक्या कितव्या हे मुलींना कळत नाही, आणि कडेला उभ्या प्रशिक्षकालाही ते बोटांवर मोजता येत नाही.

त्या दिवशी सगळ्यांत आधी पोचली ती फ्लोरिडाची पार्कर व्हॅल्बी, 18 मिनिटं 55 सेकंदांत. मोठाच पराक्रम होता तो. पण संघाच्या खात्यात पहिलीचा एकच गुण पडतो, मग ती एका पावलाने जिंको की शंभर मीटरांनी. तिने आणखी दहा सेकंद वाचवले असते तरी संघाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पाचव्या मुलीचं मात्र तसं नाही. शर्यतीच्या मधल्या पट्ट्यात मुली इतक्या दाटीने धावतात की दहा सेकंदांत पंधरा-वीस जणी पुढे निघून जातात, आणि तेवढे गुण थेट बेरजेत चढतात. म्हणून महिला क्रॉस कंट्रीचा प्रशिक्षक काय करतो, या प्रश्नाचं खरं उत्तर पाचव्या मुलीकडे पाहून मिळतं.

आपल्याला लांब पल्ल्याचं धावणं माहीत आहे ते एकटीचं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरला 31 मिनिटं 51.44 सेकंद धावली आणि प्रीजा श्रीधरनच्या मागे सेकंदाहूनही कमी फरकाने तिला रौप्य मिळालं. त्याच जिल्ह्यातल्या संजीवनी जाधवने 2017 साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत याच अंतरात रौप्य आणलं. या दोघी आपल्याला पाठ आहेत, आणि असायलाच हव्यात. त्यांच्याबरोबर रोज पहाटे पळणाऱ्या, कधी पोडियमवर न चढलेल्या मुली मात्र कुणाला आठवत नाहीत. अमेरिकन कॉलेजांच्या या खेळात त्या मुलींशिवाय पानच हलत नाही, हे मला त्याचं मोठेपण वाटतं.

ऑक्टोबरातला मंगळवारचा सराव बघावा. मंगळवार बहुधा कसाचा दिवस. मैदान म्हणजे गवत, गोल्फ कोर्स किंवा कॉलेजमागची टेकडी. डांबरी रस्ता शक्यतो टाळतात, कारण पायाच्या नळीला त्याचे दणके सोसवत नाहीत. 1 किलोमीटरचे सहा तुकडे, दोन तुकड्यांमध्ये दीड मिनिटाची विश्रांती, वेग किलोमीटरला साडेतीन मिनिटांच्या थोडा आत. कागदावर एवढंच असतं. प्रशिक्षक हातात स्टॉपवॉच धरून उभी असते, पण पहिले तीन तुकडे ती घड्याळाकडे फारसं पाहत नाही. ती पाहते ते खांदे. दमलेल्या मुलीचे खांदे कानांकडे सरकू लागतात, मुठी आवळल्या जातात, आणि पावलांचा आवाज बदलतो. आधी हलकी टपटप असते, तिची थपथप होते. विश्रांतीत कोण बोलतंय, कोण गप्प झालंय, कोण दर वेळी बुटाची नाडी बांधायला वाकतंय, तेही टिपून ठेवायचं.

चौथ्या तुकड्यापासून खरं काम सुरू होतं. पुढच्या दोघी तालात आल्या की त्यांना सुटायचं असतं. त्यांना आवरायचं, आणि मागच्या तिघींना त्यांच्या पाठीशी चिकटवून ठेवायचं. पहिली आणि पाचवी यांच्यातल्या सेकंदांना इथे ‘स्प्रेड’ म्हणतात. मोठ्या शर्यतींच्या निकालपत्रकात संघाच्या नावापुढे तो छापलेलाच असतो. हे अंतर दोन तऱ्हांनी कमी होतं. पहिलीला मागे खेचून कमी केलं तर संघ बुडतो. पाचवीला पुढे आणून कमी केलं तर संघ जिंकतो, पण त्याला वर्षं लागतात. सहावा तुकडा झाल्यावर प्रशिक्षक वहीत पहिलीची वेळ लिहिते आणि लगेच पाचवीकडे जाते. तिच्याशी चार वाक्यं बोलते. त्यात वेळेचा आकडा क्वचितच असतो. जेवलीस का, झोपलीस का, परीक्षा कधी आहे, असं काहीबाही असतं.

या प्रश्नांचं कारण मुलींच्या शरीरात आहे, आणि या कामाचा सगळ्यांत जोखमीचा भाग तोच.

मुलगी अठराव्या वर्षी कॉलेजात येते, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाहेर पडते. या चार-पाच वर्षांत तिचं शरीर अजून घडत असतं, हाडांत आयुष्यभराची पुंजी साठत असते. त्याच वेळी आठवड्याला ऐंशी ते शंभर किलोमीटर धावणं चालू असतं. खाणं त्या मानाने अपुरं पडलं तर शरीर काटकसर करू लागतं आणि आधी पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन घटलं की हाडं विरळ होतात, मग नडगीला, पावलाला, कधी मांडीच्या खुब्याला बारीक चीर जाते. अपुरी ऊर्जा, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं या त्रिकुटाला क्रीडावैद्यकाने 1992 मध्ये नाव दिलं. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून ‘रेड-एस’ ही संज्ञा आणली. तरीही पाळी गेली म्हणजे मुलगी फॉर्मात आली, हा घातक समज धावण्याच्या जगात वर्षानुवर्षं टिकून होता. किशोरवयातच विक्रम केलेल्या मेरी केनने नोव्हेंबर 2019 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी करण्याच्या दडपणाखाली आपली पाळी तीन वर्षं आली नाही आणि पाच हाडं मोडली. ती कॉलेजच्या संघात नव्हती, व्यावसायिक धावपटू होती. पण त्यानंतर कॉलेजच्या संघांतूनही आजी-माजी मुली बोलू लागल्या.

यात वाईट हे, की उपासमारीने सुरुवातीला वेळ खरंच सुधारते. हलकं झालेलं शरीर काही महिने पळतं. अधीर प्रशिक्षकाला त्या हंगामात पदकही मिळून जातं. मुलगी मोडते ती पुढच्या वर्षी, आणि तोवर प्रशिक्षकाची नजर नव्या मुलींवर असते. उलट, पहिल्या वर्षाला जोमात आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी रुंदावते, तिच्या वेळा थबकतात, कधी मागेही जातात. हा निसर्गक्रम आहे. स्टॅनफर्डची माजी धावपटू लॉरेन फ्लेशमन हिने 2023 सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला आहे, की ही सारी व्यवस्था मुलांच्या शरीराच्या मापाने बेतलेली आहे. मुलग्यांना वाढत्या वयात स्नायूंचं बळ आपोआप मिळत जातं, त्यांचा आलेख वर चढत राहतो. मुलीचा आलेख मध्ये सपाट होतो, आणि त्या सपाटीत तिला सांभाळून घेतलं तर ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी अधिक बळकट होऊन पुढे येते. संघाची पाचवी मुलगी पुष्कळदा हीच असते.

म्हणून आजच्या शहाण्या प्रशिक्षकाच्या खोलीत वजनकाटा नसतो. रक्ताच्या तपासण्या असतात. त्यात फेरिटिनचा आकडा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आवर्जून पाहिला जातो, कारण पाळीतून आणि सततच्या धावण्यातून लोह झिजत असतं. आहारतज्ज्ञ असतात, मानसोपचारतज्ज्ञ असतात. पाळीबद्दल सरळ, न लाजता बोललं जातं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा आणि सरावाचे जास्तीत जास्त 20 तास, हा तर महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा, ‘एनसीएए’चा, नियमच आहे.

हे बोलणं स्त्री प्रशिक्षकाशी सोपं जातं, म्हणून किती स्त्रिया हे काम करतात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचं उत्तर चक्रावून टाकणारं आहे. 1972 साली ‘टायटल नाइन’ कायदा आला. हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांनी तो रेटून नेला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. मुलींच्या संघांना पैसा मिळाला, शिष्यवृत्त्या आल्या, खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पण पगार आले तसे त्या नोकऱ्यांसाठी पुरुषही आले. कायदा आला तेव्हा महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. लिंडा कार्पेंटर आणि व्हिव्हियन अकोस्टा या प्राध्यापिकांनी वर्षानुवर्षं केलेल्या पाहणीत 2014 साली ते प्रमाण 43 टक्क्यांवर आलेलं दिसलं.

या वाटेवर आधी चाललेल्या एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. डोरिस ब्राऊन हेरिटेज 1967 ते 1971 अशी सलग पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रॉस कंट्रीची विजेती होती. पण 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना 800 मीटरहून लांब शर्यतच नव्हती. जिला मैलोन्‌मैल धावायचं होतं ती तिथे दोन फेऱ्या पळून पाचवी आली. पुढे तिने सिअ‍ॅटल पॅसिफिक विद्यापीठात कित्येक वर्षं मुलींना शिकवलं. स्त्रियांची 10,000 मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये यायला 1988 उजाडलं. कॉलेजातही मुलींची राष्ट्रीय क्रॉस कंट्री शर्यत 1999 पर्यंत 5 किलोमीटरचीच होती, 2000 पासून ती 6 झाली. मुलगे 10 धावतात. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत 2017 पासून स्त्री-पुरुष दोघांनाही 10 किलोमीटर आहे. कॉलेजांनी हा फरक अजून का जपून ठेवावा, याचं पटण्याजोगं कारण दिसत नाही.

नॉर्थ कॅरोलिना स्टेटची प्रशिक्षक लॉरी हेनस याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. 1991 मध्ये तिने तिथूनच 10,000 मीटरचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. तिच्या संघाने 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. तिसरं, ते एका गुणाचं. या तिन्हींच्या अलीकडे-पलीकडे नाव आहे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या दिलजीत टेलरचं. कॅलिफोर्नियात, पंजाबातून आलेल्या कुटुंबात ती वाढली, कॉलेजात 800 मीटर धावली, लहान कॉलेजांत शिकवत शिकवत 2016 मध्ये युटा राज्यातल्या या विद्यापीठात आली. करोनामुळे लांबलेली 2020 ची शर्यत मार्च 2021 मध्ये झाली, ती तिच्या संघाने 96 गुणांवर जिंकली, आणि 2024 ची पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा वैयक्तिक विजेती दुसऱ्याच विद्यापीठाची, अलाबामाची होती. आधी मर्सी चेलांगट, मग डोरिस लेमन्गोले. दिलजीतच्या मुली त्यांच्या मागून आल्या, पण एकत्र आल्या.

नोव्हेंबरातली शर्यत आटोपली की उसंत मिळते असं नाही. त्याच मुली डिसेंबरपासून बंदिस्त स्टेडियममधल्या 200 मीटरच्या ट्रॅकवर उतरतात आणि मार्च ते जून मोकळ्या मैदानावर. गवतावर एकत्र धावणारा संघ इथे विखुरतो. कुणी 1500 मीटरकडे, कुणी स्टीपलचेसकडे, कुणी 10,000 कडे. वर्षाचे तीन हंगाम, एकाच शरीराला. प्रत्येकीने तिन्ही हंगामांत शिखर गाठायचं म्हटलं तर ती हमखास मोडते. कुणाला कोणता हंगाम सोडायला लावायचा, आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला ‘यंदा हिवाळ्यात धावू नकोस’ हे कसं पटवायचं, यात प्रशिक्षकाचं कसब लागतं.

आता त्यात नवी अडचण आली आहे. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंशी थेट उत्पन्न वाटून घ्यायला परवानगी मिळाली. शिष्यवृत्त्यांवरची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठाला क्रॉस कंट्री संघात 17 मुलीच ठेवता येतात. तोवर पंचवीस-तीस जणींचे संघ सर्रास असत. त्यात शिष्यवृत्तीविना, केवळ हौसेने आलेल्या, स्वतःच्या खर्चाने शिकणाऱ्या मुली असत. पहिल्या वर्षी विसाव्या असलेल्या आणि चौथ्या वर्षी पाचव्या झालेल्या मुली बहुतेक यांच्यातूनच येत. या मर्यादेपायी ज्यांची जागा गेली त्या खेळाडूंना न्यायालयाने सवलत दिली, त्या 17 मध्ये मोजल्या जात नाहीत. त्यानंतर दाखल होणाऱ्या मुलींना ती सवलत नाही, आणि अठराव्या क्रमांकाच्या मुलीला दोन वर्षं थांबवून पाहण्याइतकी जागा प्रशिक्षकाकडे उरलेली नाही.